गणपतीत गोड, विसर्जनानंतर टोचरा: फोनो लोडिंगचा एक हट्टी घोळ

पाचपाखाडीच्या आमच्या घरात हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा टर्नटेबलचा. वर्षातले पाच दिवस सोडून. ते पाच दिवस तिथं मखर असतं, आणि टर्नटेबल उचलून समोरच्या भिंतीशी, शोकेसवर, अॅम्प्लिफायरला खेटून ठेवावं लागतं. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, कृत्रिम तलावावरून रिकामा पाट घेऊन घरी आलो, की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोपऱ्यात.

माझी तक्रार सलग तीन वर्षं एकच होती. गाणाऱ्याचा ‘स’, ‘श’, ‘च’ आला की आवाज टोचायचा. माणिक वर्मांच्या एका जुन्या ईपीवर (छोट्या रेकॉर्डवर) तर ‘चांदणं’तला च कानात टाचणी लावल्यासारखा यायचा. भीमसेनांच्या अभंगातले टाळ काचेच्या बशा आपटल्यासारखे. गंमत म्हणजे आवाज इतका चकचकीत असूनही मोकळा वाटत नव्हता. तंबोऱ्याच्या वर जी एक हवा असते ती गायबच. टोचरा आणि तरी कोंदट, हे एकाच वेळी कसं, ते मला उमगत नव्हतं. (तीच खरी खूण होती, पण ते कळायला तीन गणपती गेले.)

आईच्या मात्र पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. “बाप्पा घरात असले की तुझं ते यंत्र शहाण्यासारखं वाजतं बघ.” मी हसलो आणि विषय सोडून दिला.

मेव्हण्याकडे शास्त्रीय स्पष्टीकरण तयार होतं: भाद्रपदातली दमट हवा, त्यामुळे रेकॉर्डवर स्टॅटिक कमी, म्हणून आवाज मऊ. यातलं पहिलं अर्ध खरं आहे. दमट हवेत स्टॅटिक कमी होतं आणि तडतड कमी ऐकू येते. पण तडतड वेगळी आणि ‘स’ टोचणं वेगळं. शिवाय ठाण्यात जूनपासूनच हवा चिंब असते, मग जुलैत का टोचायचं? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. त्याऐवजी पैसे खर्च केले.

माझं कार्ट्रिज (टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाचा भाग, जो सुईची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो) ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई. साध्या इलिप्टिकल सुईचं. सुई झिजली असेल म्हणून तीच नवी आणली. फरक नाही. मग त्याच बॉडीवर बसणारी मायक्रोलिनिअर सुई घेतली, जी चांगलीच महाग पडली. रेकॉर्डच्या आतल्या गाण्यांत फाटलेपणा होता तो खरंच गेला, पण बाहेरच्या पहिल्या गाण्यातलाही ‘स’ टोचायचा तो टोचतच राहिला. आज ते अगदी सरळ वाटतं. सुई बदलली तरी मागची कॉइल तीच राहते आणि केबलही तीच. माझा आजार सुईत नव्हता, सुईच्या मागे होता.

म्हणून आधी एवढं तपासा. रेकॉर्डचं सगळ्यात बाहेरचं गाणं लावा आणि मग सगळ्यात आतलं. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगानं जाते, आत शेवटाकडे २१ च्या आसपास. तेवढ्याच आवाजाच्या लाटा आत दाटीवाटीनं कोरलेल्या असतात, त्यामुळे सुईची, अलाइनमेंटची, वजनाची जी काही चूक असेल ती आतल्या गाण्यात जास्त बोलते. फक्त आतच ‘स’ फाटत असेल तर लोडिंगच्या, म्हणजे पुढच्या वायरी आणि यंत्रं मिळून कार्ट्रिजवर जो विद्युत भार टाकतात त्याच्या, मागे लागू नका. सुई साफ करा, कार्ट्रिजच्या शिफारशीइतकं वजन आहे का ते छोट्या डिजिटल काट्यावर बघा (व्हीएम९५ई साठी २ ग्रॅम), प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायची पट्टी) लावून त्यावरच्या दोन्ही शून्य बिंदूंवर कार्ट्रिज सरळ आहे का ते पहा. आत-बाहेर दोन्हीकडे सारखंच टोचत असेल, आणि आवाज फाटलेला नसून नुसता जास्त उजळ असेल, तर पुढे वाचा. फाटणं आणि उजळ होणं यांत कान सुरुवातीला गोंधळतो. फाटलेला ‘स’ कागद टरकावल्यासारखा येतो, बहुतेक वेळा एका बाजूच्या स्पीकरमधून जास्त. लोडिंगचा ‘स’ स्वच्छ असतो, फक्त चारचौघांत मोठ्यानं बोलणाऱ्या माणसासारखा.

तिसऱ्या वर्षी मखर लावताना टर्नटेबल हलवलं, वायरी जोडल्या, आणि हातातल्या केबलकडे पाहून थबकलो. शोकेसवर असताना टर्नटेबल आणि फोनो प्रीअॅम्प (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल अॅम्प्लिफायरसाठी मोठा करणारी डबी) शेजारी शेजारी, मध्ये अर्ध्या मीटरची जुनी केबल. कोपऱ्यात गेलं की प्रीअॅम्प राहतो शोकेसवर, आणि हॉल ओलांडून अडीच मीटरची जाडजूड, चांगली दिसणारी केबल येते. गणपतीत बाकी काहीच बदलत नव्हतं. सुई, वजन, रेकॉर्ड, स्पीकर, सगळं तेच. बदलत होती फक्त केबल, आणि आईचे बाप्पा.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (माझं याच जातीचं, सुईबरोबर चुंबक हलतं) म्हणजे आत बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची कॉइल. व्हीएम९५ई च्या कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवायचा गुण) ५५० मिलिहेन्री आहे, आणि हा आकडा मोठा आहे. या कॉइलला पुढे प्रीअॅम्पचा रोध मिळतो, जवळपास सगळीकडे ४७ किलोओहम, आणि त्याच्या जोडीला कपॅसिटन्स (वीज साठवायचा गुण, जो साध्या वायरीतही असतो). कॉइल आणि कपॅसिटर एकत्र आले की ट्यून्ड सर्किट तयार होतं. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओत स्टेशन लावायला गँग फिरवायचो, तेच हे. तिथं आपण कपॅसिटन्स बदलून स्टेशन गाठायचो. इथं आपण नकळत कपॅसिटन्स बदलून ‘स’ चं स्टेशन लावतो.

लोकांची नेहमीची समजूत, आणि माझीही हीच होती, की कपॅसिटन्स वाढवला की वरचे सूर कापले जातात, म्हणून आवाज मऊ होणार. अर्धसत्य. वाढलेल्या कपॅसिटन्समुळे या सर्किटचा रेझोनन्स (ज्या सुराला ते जास्त उचलतं ती जागा) खाली सरकतो, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येतो, तिथं आधी एक उंचवटा तयार करतो आणि त्याच्या वर मग सगळं झपाट्यानं उतरतं. उंचवटा आठ-नऊ किलोहर्ट्झच्या आसपास पडला तर ‘स’, ‘च’, टाळ, तबल्याची चाट टोचणार, आणि त्यावरची हवा जाणार. टोचरा आणि कोंदट, एकाच वेळी. माझं कोडं सुटलं ते इथं.

आणि माझी मोठी चूक. टोचतं म्हणून कुणीतरी सुचवलं आणि मी प्रीअॅम्पच्या मागचा डिप स्विच (कपॅसिटन्स निवडायचा छोटा खटका) ‘२००’ वर केला होता. आवाज कमी टोचेल या आशेनं. म्हणजे आगीवर तूप.

मोजणी एका रविवारी दुपारी झाली. कपॅसिटन्सची रेंज असलेला मल्टिमीटर लागतो. लॅमिंग्टन रोडला आणि आता सगळीकडे ऑनलाइनही साधेसे मिळतात, फक्त २ नॅनोफॅरड किंवा त्याच्या आसपासची खालची रेंज आहे ना ते बघून घ्या. केबल दोन्हीकडून काढा. एका टोकाच्या आरसीए प्लगच्या मधल्या पिनेला एक प्रोब, बाहेरच्या कड्याला दुसरा. प्रोबच्या वायरींचा स्वतःचा आकडा आधी नोंदवा आणि वजा करा, नाहीतर केबल उगाच बदनाम होईल. टोनआर्मच्या आतल्या वायरी मोजायच्या तर हेडशेल (कार्ट्रिज बसवलेला पुढचा तुकडा) काढून टर्नटेबलच्या मागच्या सॉकेटवर मोजा. कार्ट्रिज जोडलेलं ठेवून मीटर लावायचा नाही, कॉइल मध्ये आली की आकडा निरर्थक होतो. प्रीअॅम्पचा इनपुट कपॅसिटन्स असा मोजता येत नाही, तो माहितीपत्रकातून घ्यायचा.

माझे आकडे असे आले. टोनआर्मची वायर ३० पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं माप, हजार पिको म्हणजे एक नॅनो). अडीच मीटरची केबल २६२. प्रीअॅम्प २००. हे सगळे समांतर असतात, त्यामुळे सरळ बेरीज: ४९२. ऑडिओ-टेक्निकाची या कार्ट्रिजसाठी शिफारस आहे १०० ते २०० पिकोफॅरड. मी जवळपास अडीच पट ओझं लादून बसलो होतो, आणि स्विचवर ‘२००’ लिहिलेलं पाहून वर्षभर समाधानी होतो. स्विचवरचा आकडा फक्त प्रीअॅम्पचा असतो. कार्ट्रिजला मात्र आपल्या पिनांपासून पुढचं सगळंच दिसतं.

हिशोब करून पाहिला. ५५० मिलिहेन्री आणि ४९२ पिकोफॅरड यांचा रेझोनन्स येतो ९.७ किलोहर्ट्झच्या आसपास. ४७ किलोओहम रोध धरला तर उंचवट्याचं टोक साधारण ८.४ किलोहर्ट्झला, कागदावर साडेतीन डेसिबलच्या घरात. प्रत्यक्षात कॉइलच्या गाभ्यात थोडी ऊर्जा वाया जाते, त्यामुळे उंचवटा थोडा बुटका होतो, पण जागा तीच. गणपतीच्या दिवसांत अर्ध्या मीटरची केबल म्हणजे ५२ पिकोफॅरड, एकूण २८२. रेझोनन्स १२.८ किलोहर्ट्झ, उंचवटा दीड डेसिबलच्या आसपास. म्हणजे बाप्पा असतानाही आकडा शिफारशीपेक्षा जास्तच होता, फक्त त्रास सोसण्याइतका कमी. आई बरोबर होती. मेव्हण्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

उपाय फुकटात झाला. प्रीअॅम्प उचलून कोपऱ्यात टर्नटेबलशेजारी नेला, मध्ये अर्ध्या मीटरची जुनी केबल. आणि तीच अडीच मीटरची बदनाम केबल प्रीअॅम्पपासून अॅम्प्लिफायरपर्यंत लावली. प्रीअॅम्पच्या आउटपुटचा रोध कमी असतो आणि तिथं सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे आधीच मोठा केलेला, असतो, त्यामुळे त्या बाजूला दोन-तीनशे पिकोफॅरडनं काही बिघडत नाही. केबल वाईट नव्हती, चुकीच्या बाजूला होती. डिप स्विच परत १०० वर. आता बेरीज ३० अधिक ५२ अधिक १००, म्हणजे १८२. रेझोनन्स गेला १६ किलोहर्ट्झच्या जवळ, उंचवटा जवळपास सपाट. ‘चांदणं’तला च परत जिभेवर आला.

माझ्या कानावर माझाच भरवसा नव्हता, म्हणून जुन्या आणि नव्या जोडणीत त्याच गाण्याची तीच तीस सेकंदं लॅपटॉपवर ऑडॅसिटीत रेकॉर्ड केली आणि दोन्हींचा स्पेक्ट्रम (कुठल्या पट्टीचा आवाज किती, त्याचा आलेख) काढला. एक किलोहर्ट्झला दोन्ही आलेख जुळवले की आठ किलोहर्ट्झपाशी जुना वर उचललेला स्पष्ट दिसतो, आणि पंधरा-सोळाच्या पुढे उलट खाली. हा प्रयोग जरूर करा. डोळ्यांनी दिसलं की घरातल्यांनाही समजावता येतं. आईला मात्र गरज पडली नाही.

प्रीअॅम्प टर्नटेबलजवळ नेताना एक काळजी: त्याचा अॅडॉप्टर मोटरपासून आणि टोनआर्मच्या बाजूपासून जरा लांब ठेवा, अर्थिंगची बारीक वायर प्रीअॅम्पच्या स्क्रूला नीट आवळा. नाहीतर एक आजार जाऊन घूंऽऽ सुरू होते.

सगळं कमी करूनही उजळपणा राहिला तर रोधाकडे वळायचं. ४७ किलोओहमला समांतर १५० किलोओहम लावला की मिळतात ३५.८. रेझोनन्सची जागा तीच राहते, पण उंचवटा दाबला जातो. आरसीएचा वाय-जोड आणि आत रेझिस्टर डकवलेला एक मोकळा प्लग, दोन्ही चॅनेलला सारखे, एवढंच काम. उलट दिशेला, रोध वाढवून १०० किलोओहम केला तर तोच उंचवटा माजतो. काही प्रीअॅम्पमध्ये तसा पर्याय असतो आणि लोक ‘जास्त डिटेल’ म्हणून तो चालू ठेवतात. ते डिटेल नसतं.

आणि सगळी कार्ट्रिजं माझ्यासारखी नसतात. ऑर्टोफॉन २एम रेडची शिफारस १५० ते ३०० पिकोफॅरड आहे, इंडक्टन्स ७०० मिलिहेन्री. म्हणजे माझ्या १८२ वर ते खूष राहील आणि १०० च्या खाली नेलं तर नाही. काही जुनी कार्ट्रिजं ४०० च्या वरचा भार गृहीत धरून बनवलेली. त्यांना आजच्या १०० च्या प्रीअॅम्पला जोडलं तर मधल्या-वरच्या पट्ट्यात खड्डा पडतो आणि आवाज निस्तेज वाटतो. तिथं कपॅसिटन्स वाढवणं हेच औषध. म्हणून ‘कमी ते चांगलं’ असा सरसकट नियम करू नका. आधी आपल्या कार्ट्रिजचा कागद वाचा.

नेरुळच्या एका मित्राचा घोळ उलटा होता. त्याच्याकडे डेनॉन डीएल-१०३, मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी कॉइलच हलते असं. जपानच्या एनएचके प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात बनवलेलं, आणि अजूनही मिळणारं. फोनवर तो म्हणाला, “अरे, तू सांगितलंस तसं कपॅसिटन्सचं बटण तासभर फिरवतोय, काहीच होत नाही. बटण बिघडलंय.” बटण ठीक होतं. मूव्हिंग कॉइलमध्ये वेढे थोडे, इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत मोजावा इतका कमी, त्यामुळे काही शे पिकोफॅरडचा परिणाम आपल्या कानाच्या हद्दीबाहेर फार दूर होतो. तिथं खरं चालतं ते रोधाचं बटण. डीएल-१०३ चा स्वतःचा रोध ४० ओहम, आणि उत्पादकाची शिफारस १०० ओहम किंवा जास्त. १०० वर ठेवलं की ४० आणि १०० मध्ये सिग्नल वाटला जातो, आणि आवाज जवळपास ३ डेसिबल कमी होतो. १००० वर ठेवलं तर तोटा अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी.

फसगत इथंच होते. १००० वर आवाज मोठा येतो, आणि मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो. मित्रानं ‘१००० वर मैफल उघडते’ असा निर्वाळा दिला होता. मी वाशीला उतरून पुढे त्याच्याकडे गेलो, दोन्हीकडे व्हॉल्यूम जुळवून ऐकवलं. मग तो म्हणाला, “थोडासा फरक आहे, पण इतका नाही रे.” शेवटी त्यानं ४०० च्या आसपास ठेवलं. कॉइलच्या दहापट हा ढोबळ अंदाज त्याला बरा वाटला, आणि मलाही त्यात खोट काढायचं कारण नव्हतं.

अजून एक जण विचारतोच, म्हणून सांगून टाकतो. आजोबांच्या जुन्या ग्रामोफोन-छाप प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज. त्याला ना ४७ किलोओहम हवेत ना फोनो प्रीअॅम्प. ते स्वतःच एका कपॅसिटरसारखं वागतं आणि त्याला दहा लाख ओहम किंवा जास्त भार लागतो. ते ४७ किलोओहमच्या साध्या लाइन इनपुटला जोडलं तर ८०० पिकोफॅरडच्या कार्ट्रिजचा चार किलोहर्ट्झच्या खालचा सगळा आवाज उतरत जातो, म्हणजे तबल्याचा डग्गा गेला, पेटीचा खर्ज गेला, उरतं फक्त किणकिण. “आजोबांच्या वेळी इतका भरदार वाजायचा” असं घरचे म्हणतात ते चुकीचं नसतं. आजोबांच्या अॅम्प्लिफायरला तो भार होता.

गेल्या गणपतीत टर्नटेबल शोकेसवर गेलं ते प्रीअॅम्प आणि अर्धा मीटर केबल यांसकट, एकाच पाटावर ठेवल्यासारखं. आवाज बदलला नाही. आरतीनंतर मी मुद्दाम तीच ईपी लावली. आई दोन ओळी ऐकून म्हणाली, “यंदा घूं येतेय.” येत होती. मखराच्या दिव्यांच्या माळेचा अॅडॉप्टर मी प्रीअॅम्पच्याच बोर्डला लावला होता. तो काढून स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला.